विचारा की : झोका सगळ्यात जोरात कुठं असतो?

ह्या खेपेला पत्रं जास्त आलीत ती पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांची, युनिट टेस्ट नुकत्याच झाल्यात त्यामुळं असेल, आणि त्यातली बरीचशी पोरं एकाच ठिकाणी अडलीत, पोटेन्शियल एनर्जीचा, म्हणजे जागेमुळं वस्तूत साठलेल्या ऊर्जेचा ग्राफ. मी स्वतः कितीतरी वर्षं हा धडा शिकवला आणि दर वर्षी हुशार हुशार पोरं इथं घसरायची, म्हणून ह्या वेळी एका मुलीचं पत्र जवळजवळ पूर्ण छापतोय आणि उत्तरही सावकाश देतोय. बाकीचे प्रश्न वेगवेगळ्या गावांतनं, वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे आहेत खरं बघायला गेलं तर ते सगळे ह्याच घरातले निघाले.

प्रश्न : सर नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातनं रोज बसनं बेळगावला कॉलेजला येते, पीयूसी फर्स्ट इयर सायन्स. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, आता सगळं इंग्लिश. टेस्टला पोटेन्शियल एनर्जीचा ग्राफ आला होता, आधी एक डोंगर, मग एक दरी, शेवटी सपाट. फोर्स कुठं जास्त, कुठं झिरो, इक्विलिब्रियम म्हणजे समतोल कुठं आणि पार्टिकल कुठं थांबेल असं विचारलं होतं. मी डोंगराच्या टोकावर फोर्स जास्त म्हणून लिहिलं, ग्राफ आडव्या रेघेला कापतो तिथं फोर्स झिरो म्हणून लिहिलं, आणि पार्टिकल जिथं थांबतंय तेच इक्विलिब्रियम म्हणून लिहिलं. तिन्ही चुकलं. मार्क गेले त्याचं काही नाही खरं का चुकलं तेच कळंना. आणि फोर्सच्या F = −dU/dx ह्या फॉर्म्युल्यात ते मायनस कशाला असतंय ते पण सांगा की.

उत्तर : बाळ, तुझी चूक एकच आहे आणि तीच तीन ठिकाणी उमटलीय. तू ग्राफची उंची वाचलीस, उतार वाचला नाहीस. फोर्स उंचीत नसतो, तो उतारात असतो, आणि एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचा धडा आपोआप उलगडत जातो.

तू रोज बेळगावला येतेस ना. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. म्हणजे कॅम्पातल्या एखाद्या ग्राउंडवर अर्धा किलोचा फुटबॉल ठेवला तर समुद्राच्या हिशोबानं त्याच्याकडं साडेतीन हजार जूलहून जास्त पोटेन्शियल एनर्जी आहे, बरीच झाली की. मग तो बॉल गोव्याच्या दिशेनं पळत सुटतो का? नाही. जिथं ठेवलाय तिथंच बसतो, कारण ग्राउंड सपाट आहे. तोच बॉल जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटात नेऊन उतारावर ठेव, घाट उतरत जाशील तशी उंची बेळगावपेक्षा कमीच होत जाते, खरं तिथं ठेवलेला बॉल हातात थांबणार नाही. उंची कमी आणि ढकलणारा जोर जास्त. तुझ्या ग्राफवरचं डोंगराचं टोकही असंच आहे, अगदी टोकाला रेघ क्षणभर आडवी होते, तिथं उतार शून्य म्हणून फोर्सही शून्य. जास्त फोर्स शोधायचा असेल तर रेघ जिथं सगळ्यात उभी चढते किंवा उतरते तिथं बोट ठेव.

आता मायनस. लोंढ्याच्या पुढं कॅसलरॉकहून कुळेला उतरणारी रेल्वेलाईन आहे, तिचा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे रुळावरनं ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. मालगाडीतला एक टन माल घे. तो १ मीटर वर गेला की त्याची पोटेन्शियल एनर्जी ९,८०० जूलनं वाढली, आणि ही वाढ झाली ३७ मीटरमध्ये, तर एका मीटरला किती वाढली? ९,८०० भागिले ३७, साधारण २६५. हा झाला ग्राफचा उतार, तुझ्या फॉर्म्युल्यातलं dU/dx, आणि हाच झाला फोर्स, २६५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ २७ किलो वजनाचा ओढा, दर टनामागं. आता हा ओढा कुठल्या बाजूला? एनर्जी वाढते वरच्या बाजूला, कॅसलरॉककडं, आणि डबा ओढला जातो खाली कुळेकडं. एनर्जी ज्या बाजूला वाढते त्याच्या बरोबर उलट बाजूला फोर्स, एवढंच ते मायनस सांगतंय, त्याच्यात दुसरं काही नाही. पाठ करू नकोस, घाट डोळ्यासमोर आण.

झिरोचा घोटाळा मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण त्याच्यात चांगली चांगली पोरं फसतात. एक वही घे आणि हा ग्राफ स्वतः काढ, वाचून होणार नाही हे. यू म्हणजे पोटेन्शियल एनर्जी, जूलमध्ये, आणि एक्स म्हणजे जागा, मीटरमध्ये. यू बरोबर एक्सचा घन वजा ३ एक्स. एक्स −२ असताना यू येतं −२, एक्स −१ ला यू २, एक्स ० ला यू ०, एक्स १ ला यू −२, एक्स २ ला यू परत २. पाच ठिपके जोड, −१ ला एक डोंगर दिसेल आणि १ ला एक दरी. आता फोर्स काढ, उतार काढून उलटं चिन्ह, तर येतं ३ वजा ३ एक्सचा वर्ग. डोंगरावर शून्य, दरीत शून्य, बरोबर. आणि जिथं ग्राफ आडव्या रेघेला कापतो, एक्स शून्य, तिथं फोर्स किती आला? ३ न्यूटन, उजवीकडं. डोंगर आणि दरीच्या मधल्या सगळ्या जागेत हाच सगळ्यात जास्त! म्हणजे तू जिथं फोर्स झिरो म्हणून लिहिलंस नेमकं तिथंच तो सगळ्यात मोठा होता. यू शून्य ही आपण ठरवलेली खूण आहे, उंची समुद्रापासून मोजायची का घराच्या उंबऱ्यापासून मोजायची तसं. खूण वर खाली सरकवली तर ग्राफ आख्खा वर खाली सरकतो, उतार तसाच राहतो आणि फोर्सला त्याचा पत्ताच लागत नाही.

आता तिसरं, थांबण्याचं. ह्या अंकाचं शीर्षक त्याच्यावरनंच दिलंय. पंचमीला आपल्याकडं गावोगाव झाडाला झोके बांधतात, तूही बसली असशील. झोका सगळ्यात जोरात कुठं असतो? खाली, दोरी सरळ उभी असते तिथं. आणि क्षणभर थांबतो कुठं? वर, दोन्ही टोकांना, पोटात गोळा येतो तिथं. आता इक्विलिब्रियम कुठलं सांग. खालचं. जिथं झोका सगळ्यात जोरात पळतोय तेच इक्विलिब्रियम, आणि जिथं थांबलाय तिथं त्याला परत खाली ओढणारा फोर्स सगळ्यात जास्त आहे, म्हणून तर तो तिथं राहत नाही, मागं फिरतो. (दोरीचा ताण आणि वजन ह्यांचा खालच्या टोकाला वरच्या दिशेनं फरक पडतो तो वेगळा, मी झोक्याच्या वाटेवरनं पुढंमागं ओढणाऱ्या फोर्सबद्दल बोलतोय.) थांबणं हा वेगाचा प्रश्न आहे आणि इक्विलिब्रियम हा फोर्सचा. दोन्ही एकाच वेळी झालं, म्हणजे तिथं फोर्सही शून्य आणि वेगही शून्य, तरच वस्तू तिथं बसून राहते.

हे ग्राफवर वाचायची एक पद्धत आहे आणि ती मी पट्टीनं शिकवायचो. एकूण एनर्जी किती आहे ते बघायचं आणि तेवढ्या उंचीवर पट्टी आडवी धरायची. मघाच्या ग्राफवर १ किलोचा गोळा आहे आणि एकूण एनर्जी शून्य आहे असं धर, पट्टी आडव्या अक्षावरच आली. पट्टीच्या खाली ग्राफ जितका असेल तितकी गोळ्याची कायनेटिक, म्हणजे वेगाची, एनर्जी, आणि ग्राफ पट्टीच्या वर गेला की तिथं गोळा जाऊच शकत नाही कारण कायनेटिक एनर्जी मायनस होत नसते. दरीच्या बाजूला ग्राफ पट्टीला कापतो एक्स ० ला आणि १.७३ ला. गोळा ह्या दोघांच्या मध्येच पुढंमागं हेलपाटे घालणार. एक्स १ वर, दरीच्या तळाला, कायनेटिक २ जूल, म्हणजे वेग सेकंदाला २ मीटर, तिथं सगळ्यात जोरात. एक्स ० ला पोचला की वेग शून्य, क्षणभर थांबला, खरं तिथं ३ न्यूटन उभा आहेच, लगेच परत फिरला. आता पट्टी ३ जूलवर धर. डोंगर २ जूलचाच आहे, त्यामुळं गोळा डावीकडं निघाला की डोंगर ओलांडून पलीकडं जातो आणि परत येत नाही. आणि पट्टी बरोबर २ वर धरली तर? गोळा डोंगर चढतो, चढता चढता हळू हळू होत जातो आणि टोकाला पोचतच नाही, जवळ जवळ जात राहतो फक्त. हे मला पहिल्यांदा गणितात दिसलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसलो होतो, आजही ते आवडतं.

आणि एक, ग्राफ हा रस्ता नव्हे. गोळा सरळ रेषेत आडवाच चाललाय, ग्राफ वर जातो म्हणजे गोळा वर जातो असं नाही. स्प्रिंगला लावलेला ठोकळा टेबलावर आडवाच सरकतो तरी त्याचा ग्राफ वाटीसारखा असतो. डोंगर-दरी समजायला सोपं पडतं म्हणून आपण तसं बोलतो.

स्टेबल, अनस्टेबल तुला येतं असं पत्रावरनं वाटलं तरी तुझ्याच तालुक्यातलं एक उदाहरण देतो कारण ह्याच्यापेक्षा चांगलं मला सापडलेलं नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाते, कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. म्हादई पण खानापूर तालुक्याच्याच जंगलात, भीमगडच्या बाजूला उगम पावते, खरं ती पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथं तिला मांडवी म्हणतात, आणि ती अरबी समुद्राला मिळते. ह्या दोन नद्यांच्या मध्ये कुठंतरी डोंगराची धार आहे. धारेवर बरोबर मधोमध पडलेला पावसाचा थेंब इक्विलिब्रियममध्येच आहे, खरं वाऱ्याची एक झुळूक इकडची आली तर हा समुद्र आणि तिकडची आली तर तो समुद्र. हे अनस्टेबल. उलट एखाद्या खळग्यात साचलेलं पाणी ढवळ, वरखाली होईल आणि परत तिथंच बसेल, ते स्टेबल. आणि सपाट फरशीवर गोटी सरकवली तर जिथं सोडशील तिथं राहते, ते न्यूट्रल, तुझ्या ग्राफचा शेवटचा सपाट तुकडा. म्हणजे इक्विलिब्रियम आहे का नाही हे उतारावरनं कळतं, आणि कसलं आहे हे कळायला थोडं ढकलून बघायचं, परत येतंय का लांब जातंय.

परीक्षेत सेकंड डेरिव्हेटिव्ह, म्हणजे उतार कसा बदलतोय ते, काढतात, प्लस आलं तर स्टेबल, मायनस आलं तर अनस्टेबल. शून्य आलं तर डोळे झाकून न्यूट्रल लिहू नकोस. एक्सचा चौथा घात घेतला तर शून्यापाशी सेकंड डेरिव्हेटिव्ह शून्य येतं तरी ती दरीच आहे, स्टेबल. अशा वेळी दोन्ही बाजूला यूच्या किमती काढून बघायच्या.

इंग्लिश मीडियमचं तू लिहिलंस म्हणून सांगतो, स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा, समतोल हे शब्द तुझ्याकडं आधीच आहेत, ते टाकून देऊ नकोस. विचार मराठीत कर आणि उत्तर इंग्लिशमध्ये लिही, बसमध्ये येताना मनातल्या मनात घाट चढायला लागला की ग्राफ चढायला लागला म्हणायचं, पंधरा दिवसांत फरक दिसेल. परत लिही मला.

प्रश्न : मी चिकोडी तालुक्यातला ऊस उत्पादक आहे. सीझनला उसाच्या ट्रॉल्या उलटलेल्या आपण बघतोच. उभी असती तवा ट्रॉली एकदम व्यवस्थित असती, मग बांधावर एक चाक चढलं की एकदम कशी काय जाती? लोक म्हणतात बॅलन्स गेला. बॅलन्स जातो म्हणजे नेमकं काय जातं? उंच भरली तर किती फरक पडतो, आकड्यात सांगता येईल का?

उत्तर : येईल, आणि हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला कारण ह्याच्यात जीव जातात.

वरच्या उत्तरात मी स्टेबल म्हणजे परत जागेवर येणारं असं म्हटलं. खरं किती ढकललं तर परत येणार हे त्यात आलं नाही. दरी खोल आहे का उथळ आहे हा प्रश्न वेगळाच असतो, आणि तुमच्या ट्रॉलीचं सगळं त्याच्यावरच आहे. ट्रॉली एका बाजूला कलंडायला लागली की खालच्या बाजूच्या चाकावर फिरते, आणि फिरताना मालाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात तो ठिपका, आधी थोडा वर उचलला जातो, चाकाच्या बरोबर डोक्यावर येईपर्यंत. तिथपर्यंत पोचायच्या आधी सोडली तर परत खाली बसते, ते टोक ओलांडलं की गेली. म्हणजे किती वर उचलावा लागतो तीच दरीची खोली, तीच तुमची सेफ्टी.

हिशोबाला सोपे आकडे घेतो. दोन चाकांत अंतर १.८ मीटर धरा, म्हणजे मधल्या रेघेपासून चाक ०.९ मीटर. बेतानं भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.२ मीटर वर आहे असं धरू. चाकापासून गुरुत्वमध्यापर्यंतचं तिरकं अंतर येतं १.५ मीटर, मग उलटायच्या आधी तो १.२ वरनं १.५ वर जायला पाहिजे, ३० सेंटिमीटर उचलावा लागतो. आता उंच भरली, गुरुत्वमध्य २ मीटरवर गेला. तिरकं अंतर २.१९, म्हणजे फक्त १९ सेंटिमीटर उचलला की संपलं. उलटायचा कोन पहिल्या ट्रॉलीचा जवळजवळ ३७ अंश, दुसरीचा २४.

इथवर लोकांना अंदाज असतो. खरा धोका बांधावर आहे. एका बाजूची चाकं ४० सेंटिमीटर उंच बांधावर चढली तर ट्रॉली साधारण १३ अंश कलते. दोन्ही ट्रॉल्या अजून उभ्या आहेत, दोन्ही लांबनं सारख्याच दिसतात. खरं आता उरलेली दरी मोजली तर बेतानं भरलेलीची १३ सेंटिमीटर उरते आणि उंच भरलेलीची चारच. १९ ची ४ झाली! चार सेंटिमीटरसाठी एखादा दगड, एखादा गचका, वळणावर जरा जास्त स्पीड, काहीही पुरतं. दरीचा काठ वर जाता जाता सपाट होत जातो म्हणून असं होतं, पहिल्या थोड्या अंशांत उचल जास्त लागते आणि शेवटच्या अंशांत नुसती फुंकर पुरते. त्यात कलल्यावर ऊस एका बाजूला सरकला, खालचं टायर दबलं, तर हा हिशोब आणखी बिघडतो, मी तो धरलेलाच नाही.

बॅलन्स जातो म्हणजे दरी उथळ होत होत संपते. आणि ती माणसाला दिसत नाही, म्हणून ड्रायव्हरनं अजून उभी आहे की म्हणून बांधावरनं काढायचा प्रयत्न करणं मला सगळ्यात भीतीचं वाटतं. खालच्या अंगाला माणूस उभा करून बघ बघ म्हणून सांगतात, ते तर अजिबात करू नका.

प्रश्न : मी बेळगावात हायस्कूलला शिकवते. पीयूसीची काही मुलं घरी येतात. दोन अणूंमधल्या बाँडचा ग्राफ मायनसमध्ये का असतो हे त्यांना पटत नाही. एनर्जी मायनस कशी असेल असं विचारतात.

उत्तर : मॅडम, विहिरीचं उदाहरण द्या. जमिनीला शून्य म्हटलं तर विहिरीच्या तळाची उंची मायनसच येणार, त्यानं तळ काही खोटा होत नाही. अणूंच्या बाबतीत दोन अणू एकमेकांपासून खूप लांब आहेत त्याला आपण शून्य म्हणतो. जवळ आले की ओढ लागते, एनर्जी खाली जाते, म्हणून मायनस. हायड्रोजनच्या दोन अणूंचा तळ ०.७४ अँगस्ट्रॉम (अणूंची अंतरं मोजायचं माप) अंतरावर आहे आणि त्यांना परत तोडून लांब न्यायला साधारण साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंची एनर्जी मोजायचं माप) लागतात. त्याहून जवळ ढकलायला गेलं तर रेघ भिंतीसारखी उभी चढते. एनर्जीचा नुसता फरकच मोजता येतो हे मुलांच्या गळी उतरलं की मायनसची भीती जाते.

खरं माझी विनंती आहे की तळाशी थांबू नका, त्या दरीचा आकार मुलांना हातानं काढायला लावा. आतली बाजू उभी कडा आणि बाहेरची बाजू लांब पसरट उतार. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि ह्या एका गोष्टीमुळं वस्तू तापल्यावर फुगतात. थंड असताना अणू तळाशी थोडेसे हलतात. तापले की पट्टी वर चढली, आता आतल्या बाजूला कडा असल्यामुळं ते फारसे जवळ येऊ शकत नाहीत आणि बाहेरच्या बाजूला लांबपर्यंत जातात, मग सरासरी अंतर वाढतं. दरी दोन्ही बाजूला अगदी सारखी असती तर अणू जोरात हलले असते खरं सरासरी तिथंच राहिली असती, फुगणं झालंच नसतं. जुन्या रुळांच्या सांध्यात फट ठेवलेली मुलांनी बघितली असेल. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर साडेचार-पाच मिलिमीटर वाढतो. ती फट म्हणजे त्या दरीचा वाकडेपणा, डोळ्यांना दिसेल एवढा मोठा होऊन आलेला. हे सांगितल्यावर वर्ग गप्प होतो, माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी निपाणीत नववीत आहे. स्पीकरमधली दोन गोल मॅग्नेट घेऊन एकावर एक हवेत तरंगवायला बघतोय. सेम पोल समोरासमोर धरले की ढकलतात खरं वरचं मॅग्नेट दर वेळी बाजूला घसरतं नाहीतर उलटं होऊन चिकटतं. किती दिवस ट्राय केला. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये. नुसत्या स्थिर मॅग्नेटनी हे होतच नाही. १८४२ मध्ये अर्नशॉ ह्या इंग्लिश माणसानं गणितानं दाखवलं की अशा फोर्समध्ये सगळ्या बाजूंनी दरी कधी मिळत नाही, एका दिशेनं दरी मिळाली तर दुसऱ्या कुठल्यातरी दिशेनं डोंगर असतोच. दोन डोंगरांमधली खिंड आठव. रस्त्यानं येणाऱ्याला खिंड ही सगळ्यात वरची जागा वाटते आणि दोन्ही बाजूच्या डोंगरावरनं उतरणाऱ्याला तीच सगळ्यात खालची. तुझं मॅग्नेट तसल्या खिंडीत बसलंय, वरखाली पकडून आहे आणि बाजूला निसटतंय. म्हणून मधनं एक पेन्सिल घाल, गोल मॅग्नेट आहेत ना, भोक असेलच. पेन्सिल बाजूचं निसटणं अडवते आणि वरचं मॅग्नेट मस्त तरंगतं, बोटानं दाबलं तर स्प्रिंगसारखं वरखाली होतं. किती दाबलं की किती मागं ढकलतंय ते बघून त्याचा ग्राफ काढून पाठव. भोवऱ्यासारखं गरगर फिरणारं मॅग्नेट पेन्सिलीशिवाय तरंगवता येतं, कारण फिरण्यामुळं ते उलटं होत नाही, खरं ते जमवायला बरंच नाजूक काम आहे, आधी पेन्सिलीचं कर.

प्रश्न : माझं वय सत्तरच्या पुढं आहे. आम्ही विहिरीवरनं डोक्यावर कळशी आणायचो, खाली कापडाची गोल चुंबळ असायची. नात विचारते आजी चुंबळ कशाला, नुसती कळशी ठेवली तर काय होतंय. मी पडती म्हणून सांगितलं. का पडती विचारल्यावर मला सांगता आलं नाही.

उत्तर : आजी, नमस्कार. तुम्ही आयुष्यभर जे डोक्यावर तोललंत त्याचा हिशोब असा आहे. डोकं गोल आणि कळशीचं बूड पण गोल. गोलावर गोल ठेवला की तो थोडा कलंडल्यावर परत सरळ व्हायला त्याचा गुरुत्वमध्य टेकलेल्या जागेपासून फार वर असून चालत नाही. किती वर चालतो? डोक्याच्या गोलाईची त्रिज्या ९ सेंटिमीटर धरू आणि कळशीच्या बुडाची १८. दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज, १६२ भागिले २७, सहा सेंटिमीटर. पाणी हलत नाही असं धरलं तरी भरलेल्या कळशीचा गुरुत्वमध्य सहा सेंटिमीटरच्या कितीतरी वर असतो. म्हणजे नुसती कळशी डोंगराच्या टोकावर ठेवल्यासारखी, तुम्ही कितीही सरळ ठेवली तरी एका पावलात गेली.

चुंबळ घातली की कळशी एका ठिपक्यावर टेकत नाही, सगळीकडनं गोल कड्यावर टेकते. आता कलंडायचं म्हटलं तर कड्याच्या एका बाजूवर चढून तिला आधी वर जायला पाहिजे, मघाच्या ट्रॉलीसारखंच. आणि कापड केसाला आणि कळशीला दोन्हीला धरून ठेवतं, सरकू देत नाही. डोंगराच्या टोकावर एक लहानशी दरी खणून दिली चुंबळीनं. चालताना मान आणि कंबर जे बारीक बारीक सावरत होती ते त्या लहान दरीच्या आत राहण्याचं काम.

नातीला दाखवायचं असेल तर गोल बुडाची एक वाटी पालथी घाला आणि तिच्या डोक्यावर एक लिंबू ठेवायला सांगा, राहणार नाही. मग तिच्याच केसाचं कापडी रबर काढून वाटीवर ठेवा आणि त्याच्यावर लिंबू ठेवा, आणि वाटी हळूच तिरकी करत जायला सांगा, कुठपर्यंत राहतंय ते ती स्वतः मोजेल.